हातात धरून खेळायच्या गेमयंत्रांचे हेडफोन सॉकेट : बिघाड आणि दुरुस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘पिन’ आणि ‘सॉकेट’ म्हणजे नेमके काय समजायचे?

दुरुस्तीच्या दुकानात ‘जॅक गेला आहे’ असे सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘वायरीचा की मशीनचा?’ कारण हेडफोनच्या वायरीच्या टोकाला असलेल्या धातूच्या दांडीलाही जॅक म्हणतात आणि ती दांडी ज्या भोकात जाते त्यालाही. हा घोळ टाळण्यासाठी येथे दांडीला ‘पिन’ आणि यंत्रातल्या भोकाला, म्हणजे त्यामागच्या पूर्ण सुट्या भागाला, ‘सॉकेट’ म्हटले आहे.

पिनेचा व्यास ३.५ मिलिमीटर असतो. टेलिफोन एक्सचेंजमध्ये वापरली जाणारी ६.३५ मिलिमीटरची जाड पिन हिची पूर्वज. काळ्या कड्यांनी पिनेचे भाग वेगळे केलेले असतात. तीन भागांच्या पिनेत टोकावर डावा आवाज, मधल्या धातूच्या कड्यावर उजवा आवाज आणि बुंध्यावर दोघांची सामाईक परतीची वाट, म्हणजे ग्राउंड, असते. मोबाइलसोबत येणाऱ्या माइकच्या हेडफोनला चार भाग असतात. त्यांतल्या आज रूढ असलेल्या रचनेत ग्राउंड दुसऱ्या कड्यावर आणि माइक बुंध्यावर येतो. हा तपशील येथेच लक्षात ठेवावा, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ त्यात आहे.

सॉकेट म्हणजे साधे भोक. त्यात बिघडण्यासारखे असते तरी काय?

सॉकेट दोन वेगवेगळी कामे करते, आणि त्यांपैकी कोणते बंद पडले आहे हे आधी ठरवल्याशिवाय दुरुस्तीला हात लावण्यात अर्थ नाही. पहिले काम आवाज पोहोचवण्याचे. आत स्प्रिंगसारख्या वाकणाऱ्या पातळ पट्ट्या असतात, त्या पिनेच्या प्रत्येक भागाला घट्ट टेकतात आणि त्यांचे पाय सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले असतात. दुसरे काम पिन आत आहे की नाही हे ओळखण्याचे. त्यासाठी एक किंवा दोन पट्ट्या पिन नसताना शेजारच्या संपर्काला चिकटून राहतात आणि पिन आत गेली की दूर ढकलल्या जातात. काही यंत्रांत स्पीकरचा प्रवाहच या संपर्कातून जातो, त्यामुळे तो तुटला की स्पीकर आपोआप गप्प होतो. नव्या यंत्रांत हा संपर्क केवळ इशारा देतो आणि स्पीकर बंद करण्याचा निर्णय यंत्रातली प्रणाली घेते. काही सॉकेटांत मांडणी नेमकी उलटी असते, म्हणजे पिन गेल्यावर संपर्क जुळतो. म्हणून मोजमाप करताना ‘हे उघडे असायला हवे की जुळलेले?’ याचे उत्तर गृहीत धरू नये.

हेडफोन काढल्यानंतरही स्पीकरमधून आवाज येत नाही. स्पीकर जळाला का?

बहुधा नाही. हेडफोन लावल्यावर आवाज स्वच्छ येत असेल आणि काढल्यावर शांतता होत असेल, तर यंत्राला अजूनही पिन आत आहे असेच वाटत आहे. ओळखणाऱ्या पट्टीखाली कचरा अडकला असेल, तिच्यावर गंज चढला असेल किंवा ती कायमची वाकली असेल. मूळ गेम बॉय (१९८९) ते आजच्या यंत्रांपर्यंत ही तक्रार सारखीच ऐकू येते.

यंत्र बंद करून पिन वीस-पंचवीस वेळा सावकाश आत-बाहेर करावी आणि प्रत्येक वेळी ती बोटांनी थोडी फिरवावी. पट्टीवरचा पातळ गंज घासला जाऊन संपर्क परत येण्याची बरीच शक्यता असते. मात्र याने आलेला आवाज काही आठवड्यांत पुन्हा गेला, तर खालील प्रश्नांत सांगितल्याप्रमाणे रीतसर सफाई करावी.

त्याआधी सेटिंग तपासणे आवश्यक आहे, आणि हे वाक्य किरकोळ समजू नये. निन्टेन्डो स्विचमध्ये हेडफोन निघाल्यास स्पीकर मूक ठेवण्याची सोय सेटिंगमध्येच आहे आणि स्पीकर व हेडफोन यांची आवाजाची पातळीही वेगवेगळी लक्षात ठेवली जाते. सोनीच्या पीएसपीवर संगीताच्या चिन्हाचे बटण काही क्षण दाबून ठेवले तर आवाज बंद होतो. खिशात किंवा पिशवीत ते दाबले गेल्यामुळे ‘दुरुस्ती’ला आलेली यंत्रे कमी नाहीत.

एकाच कानात आवाज येतो. हे सॉकेट आहे की हेडफोन?

दुसरा हेडफोन लावून पाहावा, आणि पहिला हेडफोन दुसऱ्या यंत्रात. या दोन्ही चाचण्या केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण वायर पिनेजवळच वाकून तुटण्याचे प्रमाण सॉकेट बिघडण्याच्या मानाने फार मोठे आहे. दोन्ही हेडफोनांत नेमका तोच कान गप्प असेल तरच संशय यंत्राकडे वळवावा. पिन हलक्या हाताने वर-खाली दाबल्यावर आवाज येत-जात असेल, तर पट्टी सैल झाली आहे किंवा सॉकेटच्या पायाचे सोल्डर तडकले आहे. पिन कितीही हलवली तरी तो कान मुळीच जिवंत होत नसेल, तर सॉकेटच्या पुढे, म्हणजे बोर्डावरचा ट्रॅक (तांब्याची बारीक वाट), फिल्टर किंवा अ‍ॅम्प्लिफायर यांत दोष असू शकतो.

आणखी एक साधी गोष्ट राहून जाते. पिन पूर्ण आत जाते आहे का? यंत्राला जाड कव्हर घातलेले असेल आणि पिनेचे प्लास्टिक रुंद असेल, तर पिन एखादा मिलिमीटर बाहेर राहते. तेवढ्याने टोक कड्याच्या पट्टीजवळ येते आणि एक कान हरवतो.

दोन्ही कानांत आवाज येतो, पण तो पोकळ, विहिरीतून आल्यासारखा आहे आणि संवाद जवळजवळ ऐकूच येत नाहीत. असे का होते?

सगळ्या लक्षणांत निदानाला सोपे असलेले हे लक्षण आहे, तरी सर्वांत जास्त लोक यानेच गोंधळतात. येथे ग्राउंडचा संपर्क तुटलेला असतो. परतीची सामाईक वाट बंद झाल्यावर डाव्या बाजूचा प्रवाह डाव्या कानातून निघून उजव्या कानातून उलटा परततो. परिणामी दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो आणि फक्त डाव्या-उजव्यातला फरक उरतो. संवाद, पावलांचे आवाज, मुख्य धून या गोष्टी सहसा मधोमध, दोन्ही बाजूंना सारख्याच दिलेल्या असतात, म्हणून त्याच नाहीशा होतात आणि मागचा घुमारा तेवढा राहतो.

आता चार भागांच्या पिनेची गोष्ट. गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससारख्या (२००१) जुन्या यंत्रांचे सॉकेट तीन भागांच्या पिनेसाठी बनवलेले आहे. त्यात मोबाइलचा माइकवाला हेडफोन घातला, तर सॉकेटची ग्राउंडची पट्टी बुंध्यावर, म्हणजे माइकवर, टेकू शकते आणि सॉकेट ठणठणीत असूनही आवाज पोकळ होतो. याची खूण अशी की हेडफोनच्या वायरीवरचे फोन उचलण्याचे बटण दाबून धरले तर आवाज एकदम भरून येतो, कारण ते बटण माइक आणि ग्राउंड यांना क्षणभर जोडते. बटण दाबल्यावर आवाज सुधारला तर यंत्र उघडू नये. तीन भागांचा साधा हेडफोन घ्यावा.

पिनेला धक्का लागला की खरखर होते. हे धोक्याचे लक्षण आहे का?

खरखर केव्हा होते, त्यावर उत्तर अवलंबून आहे. पिन फिरवताना होत असेल, तर संपर्कावर मळ किंवा गंज आहे. यंत्र दाबल्यावर किंवा वाकवल्यासारखे धरल्यावर होत असेल, तर सोल्डरचा सांधा तडकल्याचा संशय घ्यावा, आणि तो जितका काळ तसाच वापरला जाईल तितका बोर्डावरचा तांब्याचा भाग सैल होत जाईल. पिनेला हात न लावता केवळ आवाजाचे चाक फिरवताना खरखर होत असेल, तर दोष सॉकेटचा नसून त्या चाकाखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, म्हणजे व्हॉल्यूम पोटेन्शियोमीटरचा आहे. गेम बॉयच्या काळातल्या यंत्रांत हे फार आढळते आणि पुष्कळ जण सॉकेट बदलून झाल्यावर हे शोधून काढतात.

सॉकेट मुळात बिघडते कशामुळे?

तरफेमुळे. सरळ पिन यंत्राबाहेर दोन-तीन सेंटिमीटर उभी राहते. तिच्या बाहेरच्या टोकाला बसलेला हिसका आतल्या चार-पाच बारीक सोल्डर सांध्यांवर कित्येक पटींनी वाढून पोहोचतो. टेबलावरचे उपकरण एका जागी असते, पण हातातले यंत्र खेळताना वळते, मांडीवर टेकते, अंथरुणात दबते, आणि सॉकेट खालच्या कडेला असेल तर त्याच पिनेवर उभेही केले जाते. गेम बॉय, पीएसपी, निन्टेन्डो डीएस या सर्वांचे सॉकेट खालच्या बाजूला आहे. स्विचने ते वरच्या कडेला नेले, हे माझ्या मते योग्यच झाले. काटकोनात वळलेली पिन वापरली की ही तरफ बरीच कमी होते, हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय.

दुसरे कारण बसवण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या सॉकेटांचे पाय बोर्डाच्या आरपार जाऊन मागे सोल्डर होत, त्यामुळे ओढ बोर्डाच्या जाडीवर पडे. पुढे जागा वाचवण्यासाठी अनेक यंत्रांत ते बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवले जाऊ लागले. युरोपीय संघाचे शिसेबंदीचे नियम १ जुलै २००६ पासून लागू झाले आणि जगभरच्या कारखान्यांनी शिसेविरहित सोल्डर स्वीकारले. ते जुन्या सोल्डरपेक्षा कडक असते.

तिसरे कारण खिशातला कापसाचा लोळा आणि ओलसर हवा. मुंबई, कोकण, गोवा येथे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या यंत्राच्या पट्ट्यांवरही थर चढतो, विशेषतः मुलामा झिजलेला असेल तर. म्हणून जून ते सप्टेंबर यंत्र बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे.

यंत्र न उघडता सफाई कशी करावी?

यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा आणि बॅटरी किंवा सेल बाहेर निघत असतील तर काढावेत. प्रथम टॉर्चच्या उजेडात भोकाच्या तळाशी पाहावे. कापूस दिसत असेल तर तो ओला करण्याआधी बाहेर काढणे महत्त्वाचे, कारण भिजल्यावर तो तळाशी दडपून बसतो. यासाठी बारीक, न टोचणारी प्लास्टिकची काडी किंवा दातांच्या फटींसाठी मिळणारा सर्वांत लहान ब्रश चालतो. टाचणी, सुई, केसाची पिन यांनी पट्टी एकदा वाकली की ती स्वतःहून परत येत नाही.

त्यानंतर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल त्या ब्रशवर एक-दोन थेंब घेऊन ब्रश आत फिरवावा. बाटली थेट भोकात ओतू नये, कारण जास्तीचा द्रव पडद्याच्या मागे झिरपतो. मग पिन काही वेळा आत-बाहेर करून किमान अर्धा तास यंत्र तसेच उघड्यावर ठेवावे. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने जवळ गॅस, उदबत्ती नको.

हातांचे सॅनिटायझर चालेल का, असे अनेक जण विचारतात. चालणार नाही. त्यात पाणी असते आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनही घातलेले असते. तो चिकट थर पट्ट्यांवर राहून धूळ धरतो. खोबरेल तेल, शिलाई मशीनचे तेल, व्हिनेगर यांनाही हेच उत्तर. ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ नावाने मिळणारा फवारा चांगला, परंतु तो प्लास्टिकला सुरक्षित आहे असे डब्यावर लिहिलेले असावे.

पिनेचे टोक तुटून आत राहिले आहे. काढता येईल का?

येईल, पण घाई नको. दोन भागांमधल्या काळ्या कड्याशी पिन तुटते आणि टोकाचा तुकडा पट्टीच्या खाचेत अडकून राहतो. काडीला झटपट चिकटणारा गोंद लावून तुकडा ओढण्याची युक्ती इंटरनेटवर लोकप्रिय आहे. ती कधी कधी जमतेही, मात्र गोंदाचा एक थेंब पट्टीवर उतरला की सॉकेट कायमचे जाते. एका दुकानातून ‘प्रयत्न केला’ म्हणून परत आलेले माझे स्वतःचे यंत्र उघडले, तेव्हा आत तुकडाही होता आणि त्याच्याभोवती गोंदाचा काचेसारखा कठीण गोळाही. सॉकेट बदलण्यावाचून मार्ग उरला नाही. तुलनेने सुरक्षित उपाय म्हणजे यंत्र उघडून सॉकेटची मागची बाजू पाहणे. ती उघडी असेल तर मागून बारीक तारेने तुकडा पुढे ढकलता येतो. बंद असेल आणि सॉकेट सुट्या बोर्डावर असेल, तर तो बोर्डच बदलावा.

माझ्या यंत्रात सॉकेट बदलणे कितपत अवघड आहे?

येथे यंत्रायंत्रांत फार फरक आहे, आणि तो किमतीवर किंवा वयावर नव्हे तर सॉकेट कोणत्या बोर्डावर आहे यावर ठरतो.

निन्टेन्डो स्विचच्या मूळ मॉडेलमध्ये (२०१७) हेडफोन सॉकेट मुख्य बोर्डावर नाही. ते गेम कार्डच्या खाचेसह एका लहान स्वतंत्र बोर्डावर आहे आणि तो बोर्ड कनेक्टरने जोडलेला असतो. त्यामुळे सोल्डरिंग न करता पूर्ण बोर्ड बदलता येतो. मागच्या झाकणाचे चार कोपऱ्यांतले स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्यांना ‘वाय झीरो-झीरो’ मापाचा पेचकस लागतो. बाकीचे साधे चौफुली दिसतात, पण चुकीच्या मापाचा पेचकस लावला तर त्यांची डोकी घासली जातात. झाकणाखाली धातूचे कवच असते. ते उचलताना त्याच्याखाली उष्णता वाहून नेणारा मऊ लेप ताणला जातो. तो कचरा समजून पुसून टाकू नये, बसवताना त्याच जागी परत आणावा. पुढे काहीही करण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सरळ वर उचलून सोडवावा. पट्टीसारख्या चपट्या केबलच्या कनेक्टरची बारीक झडप नखाने उघडावी, ओढू नये. दुरुस्तीत सॉकेटपेक्षा या झडपाच जास्त तुटतात.

मूळ गेम बॉयमध्येही हेडफोनचे सॉकेट मुख्य बोर्डापासून वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे. सोल्डरिंग शिकू पाहणाऱ्यासाठी यासारखे यंत्र नाही : पाय मोठे, जागा मोकळी, आणि चूक झालीच तर फक्त तो छोटा बोर्ड जातो. त्या यंत्राचा स्पीकर एकच असल्याने स्टिरिओ आवाज केवळ हेडफोनमधूनच मिळतो, म्हणून तिथले सॉकेट चैनीची वस्तू नाही. गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये ते मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेले आहे. त्यानंतर आलेल्या एसपी मॉडेलला (२००३) ३.५ मिलिमीटरचे सॉकेटच नाही, चार्जिंगच्या खाचेत अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो. त्यामुळे ‘एसपीचे सॉकेट सापडत नाही’ या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

सेगाच्या गेम गिअरविषयी (१९९०) वेगळा इशारा. त्यात आवाज बारीक झाला, गायब झाला किंवा फक्त हेडफोनमध्ये क्षीण येतो, असे असेल तर सॉकेटला दोष देण्याआधी आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरकडे, म्हणजे आत द्रव असलेल्या वीज साठवणाऱ्या छोट्या भागांकडे, पाहावे. ते कालांतराने गळतात, गळलेला द्रव बोर्डाचे ट्रॅक खातो, आणि आवाजाच्या छोट्या बोर्डावरच सॉकेट असल्याने दोन्ही दोष एकच वाटतात. त्या यंत्रात कपॅसिटर बदलणे हीच बहुतेक वेळा खरी दुरुस्ती ठरते.

यंत्र उघडल्यावर मल्टिमीटरने काय मोजावे?

बॅटरी सोडवलेली आहे याची खात्री करून मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीपवर, ठेवावा. निकामी हेडफोनची वायर कापून पिनेपासून थोडी वायर बाहेर राहील अशी एक ‘चाचणी पिन’ तयार करावी. ती सॉकेटात घालून तिच्या प्रत्येक तारेपासून सॉकेटच्या संबंधित पायापर्यंत मोजावे. बीप स्थिर यायला हवा आणि रोध एका ओहमच्या आतबाहेर असावा. पिन हलवताना बीप तुटत असेल तर पट्टी सैल आहे.

पुढची पायरी बहुतेक जण विसरतात : त्याच पायापर्यंत नव्हे, तर तो पाय ज्या ट्रॅकला जोडला आहे त्या ट्रॅकवरच्या पुढच्या बिंदूपर्यंत मोजावे. पायापर्यंत बीप येतो पण ट्रॅकवर येत नाही, याचा अर्थ सॉकेट उत्तम असून सांधा तुटला आहे. अशा वेळी नवे सॉकेट विकत घेण्याची गरज नसते. थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) आणि नवे सोल्डर पुरते. ट्रॅकवर पहिल्याच टप्प्यावर दिसणारा चिमुकला फिल्टर तुटलेला असेल, तर त्याच्या दोन टोकांमध्ये बीप येत नाही.

हेडफोनही याच मीटरने तपासता येतो. टोक ते बुंधा आणि कडे ते बुंधा, दोन्हीकडे साधारण सारखाच रोध, सामान्य इअरफोनमध्ये १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास, दिसायला हवा. (चार भागांच्या पिनेत बुंध्याऐवजी दुसरे कडे धरावे.)

सोल्डरिंग करून सॉकेट बदलताना काय सांभाळावे?

सॉकेट नव्हे, बोर्ड सांभाळावा. जुने सॉकेट अखंड बाहेर काढण्याच्या हट्टात बोर्डावरचे तांब्याचे ठसे, म्हणजे पॅड, उपटले जातात. जुने सॉकेट फेकायचेच आहे, तर बारीक कटरने त्याचे प्लास्टिक तुकड्या-तुकड्यांनी कापावे आणि उरलेले पाय एकेक करून गरम करून उचलावेत. हे कुरूप दिसते, वेळ खाते, पण नवशिक्यासाठी यापेक्षा सुरक्षित पद्धत मला माहीत नाही.

शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळते, तर ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसे असलेले जुने सोल्डर १८३ अंशांना. म्हणून कारखान्याच्या सांध्यावर आधी थोडे जुन्या प्रकारचे सोल्डर आणि भरपूर फ्लक्स मिसळावा. सांधा लवकर मऊ होतो आणि बोर्डाला कमी ताप लागतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३५० अंशांच्या आसपास ठेवावे. ग्राउंडचे पाय तांब्याच्या मोठ्या क्षेत्राला जोडलेले असल्याने ते उष्णता शोषून घेतात. तिथे तापमान वाढवत नेण्याऐवजी रुंद टोकाची बिट वापरावी. गरम हवेचे यंत्र वापरणार असाल, तर शेजारच्या प्लास्टिकच्या कनेक्टरांवर उष्णता सोसणारा कॅप्टॉन टेप लावावा, अन्यथा सॉकेट निघेपर्यंत ते वितळून बसलेले असतात.

पॅड स्वच्छ असल्याखेरीज नवे सॉकेट ठेवू नये. भांड्याला डाख लावणारे कारागीर धातू आधी खरवडून लखलखीत करत असत, कारण मळक्या पृष्ठभागावर डाख धरत नाही. येथेही नियम तोच, फक्त भांडे लहान. नव्या सॉकेटचा आधाराचा एक पाय आधी टाचावा, यंत्राचे कवच बसवून पिन भोकाच्या मधोमध जाते का ते पाहावे, आणि मगच उरलेले पाय पक्के करावेत. तिरके बसलेले सॉकेट कवच मिटल्यावर कायम एका बाजूला दाबले जाते आणि वर्षभरात पुन्हा तडकते.

पॅड उपटला गेला. आता बोर्ड टाकाऊ झाला का?

नाही. ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडने अगदी थोडा खरवडून तांबे उघडे करावे आणि तिथपासून सॉकेटच्या पायापर्यंत लाखेचा मुलामा असलेल्या बारीक तारेचा जंपर, म्हणजे जोड, मारावा. विजेच्या दृष्टीने ही दुरुस्ती पूर्ण आहे, पण बळकटीच्या दृष्टीने मुळीच नाही, कारण जंपर सॉकेटला धरून ठेवत नाही. आधाराचे पाय बोर्डाला घट्ट असतील तर चालते. तेही निसटले असतील तर सॉकेटच्या तळाशी आणि बाजूंना इपॉक्सीचा थोडा लेप द्यावा, भोकापासून दूर राहून.

सुटे सॉकेट कोठे मिळते आणि योग्य तेच कसे ओळखावे?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली येथे सर्वसाधारण ३.५ मिलिमीटरची सॉकेटे मिळतात. परंतु ‘तीन पॉइंटचे की चार पॉइंटचे’ एवढ्या माहितीवर खरेदी करू नये. बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसणारी दोन सॉकेटे पायांच्या मांडणीत आणि ओळखणाऱ्या पट्टीच्या प्रकारात वेगळी निघतात. जुने सॉकेट सोबत न्यावे आणि पायांची संख्या, त्यांच्यातले अंतर, भोकाची बोर्डापासूनची उंची, आणि पिन नसताना कोणते पाय जुळलेले असतात, या चारही गोष्टी दुकानातच मीटरने ताडून पाहाव्यात. स्विचचा सुटा बोर्ड मात्र मॉडेल सांगूनच मागवावा लागतो.

दुकानात द्यावे की स्वतः करावे?

सफाई आणि कनेक्टरवरचा सुटा बोर्ड बदलणे घरी करण्याजोगे आहे. मुख्य बोर्डावर सोल्डरिंग करायचे असेल आणि आजवर हातात आयर्न धरलेले नसेल, तर स्वतःच्या यंत्रावर पहिला धडा गिरवू नये. एखाद्या जुन्या रेडिओचे सॉकेट चार वेळा काढून-बसवून पाहावे. वॉरंटी चालू असेल तर झाकणाला हात लावण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. परदेशातून आणलेल्या यंत्राची वॉरंटी येथे चालेलच असे नाही. दुकानात देताना ‘आवाज येत नाही’ एवढेच न सांगता वरीलपैकी कोणते लक्षण दिसते ते लिहून द्यावे, आणि जुना भाग परत मागावा.

दुरुस्ती न करता काम भागवता येते का?

स्विचमध्ये येते. यूएसबी-सी खाचेतून चालणारे हेडफोन आणि अ‍ॅडॉप्टर २०१७ च्या अखेरीपासून चालतात, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या प्रणालीच्या १३.०.० या आवृत्तीपासून ब्लूटूथ हेडफोनही. ब्लूटूथच्या मर्यादा आहेत. माइक चालत नाही, एका वेळी दोनच बिनतारी कंट्रोलर जोडता येतात, आणि शेजारच्या यंत्राशी थेट जोडून खेळताना ब्लूटूथ आवाज बंद होतो. शिवाय आवाज चित्राच्या किंचित मागे राहतो. गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये ते खपून जाते, पण तालावर बटणे दाबण्याच्या गेममध्ये ते असह्य होते. गेम बॉयसारख्या जुन्या यंत्रांना असा पर्याय नाही.

नवे सॉकेट बसवले, पण आता हेडफोन लावल्यावर स्पीकरही वाजतो.

ओळखणारा पाय सोल्डर झालेला नाही, किंवा उलट्या प्रकारच्या पट्टीचे सॉकेट आणले गेले आहे. आधी पायाचा सांधा पाहावा. तो ठीक असेल तर पिन घालून आणि काढून त्या पायाचे मोजमाप जुन्या सॉकेटशी ताडावे. झाकणाचे स्क्रू लावण्याआधी ही चाचणी करावी : बॅटरी जोडून, स्पीकरवर आवाज, मग पिन घालून दोन्ही कान, मग पिन हळू फिरवत एक पूर्ण फेरा, आणि शेवटी पिन काढल्यावर स्पीकर लगेच परत येतो का.